लाटण्यांचा मोर्चा : मुंबईतल्या महागाईविरोधी महिला समितीचं प्रकरण (१९७२ ते १९७७)

१९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. त्यानंतर आणीबाणी लागेपर्यंत लाटणी घेऊन रस्त्यावर उतरलेल्या बायका हे शहराच्या राजकारणातलं नेहमीचं दृश्य होऊन बसलं. या आंदोलनाबद्दल आपल्याकडे दोनच गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या जातात. मृणाल गोरे नावाच्या धडाडीच्या बाई होत्या, आणि लाटण्यांचा मोर्चा निघाला होता. दोन्ही खऱ्या आहेत. पण रेशनच्या रांगेत ताटकळणाऱ्या, एकमेकींवर खेकसणाऱ्या बायका एकाच मागणीमागे कशा उभ्या राहिल्या, हे त्यातून कळत नाही. रांगेत राग कायमच असतो. बहुतेक वेळा तो मध्ये घुसलेल्या बाईवर निघतो, फार तर मापात मारणाऱ्या दुकानदारावर, आणि घरी गेल्यावर पोरांवर. तो रेशनिंग अधिकाऱ्याच्या टेबलापर्यंत आणि मंत्र्याच्या दारापर्यंत कसा पोचला, हा या अभ्यासाचा विषय.

बाजार आणि स्वयंपाकघर

महाराष्ट्रात सत्तरच्या दशकाची सुरुवातच अपुऱ्या पावसाने झाली आणि १९७२ च्या दुष्काळाने कळस गाठला. खेड्यात खडी फोडायची कामं निघाली, सुकडी वाटली गेली, आणि परदेशातून आलेला मिलो लोकांच्या पानात पडला. त्या तांबड्या ज्वारीच्या भाकरीची आठवण ज्यांनी ती खाल्ली ते अजून तोंड वाकडं करून सांगतात. मुंबईत दुष्काळ वेगळ्या रूपात आला. धान्य महाग झालं, मग दुर्मिळ झालं, मग ‘आत’ मिळू लागलं. गोडेतेल, वनस्पती तूप, साखर, रवा यांचं तेच. एप्रिल १९७३ मध्ये केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःकडे घेतला. तो प्रयोग फसला आणि पुढच्या वर्षी गुंडाळावा लागला. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेलाची कोंडी केली आणि टंचाई रॉकेलपर्यंत आली. तेव्हा मुंबईच्या चाळींत गॅसची शेगडी थोड्याच घरी होती, बाकी सगळा स्वयंपाक स्टोव्हवर. म्हणजे रांगेत उभं राहून गहू मिळवला, दळून आणला, तरी पोळी भाजायला रॉकेल हवंच, आणि त्याची रांग वेगळी.

आकडे बघितले तर १९७३-७४ मध्ये घाऊक किमती सुमारे २० टक्क्यांनी चढल्या आणि १९७४-७५ मध्ये आणखी २५ टक्क्यांनी. स्वतंत्र भारताने इतकी महागाई तोवर पाहिली नव्हती.

आता एक प्रश्न. मुंबई हे कामगार संघटनांचं शहर. गिरणगावात लाल बावटा होता, संप ही रोजच्या बोलण्यातली गोष्ट होती. मग महागाईविरुद्धची लढाई युनियनने का नाही लढली? लढली, पण तिची लढाई महागाई भत्त्याची होती. भाव वाढतात, ते निर्देशांकात येतात, निर्देशांकावरून भत्ता ठरतो आणि तो पगारात येतो. मधे महिने जातात, वाण्याचं बिल मात्र त्याच आठवड्यात येतं. शिवाय निर्देशांकात एखाद्या जिनसेचा रेशनचा भाव धरला असेल आणि ती जिन्नस रेशनवर मिळतच नसेल, तर काळ्या बाजारात मोजलेले पैसे कुठल्याच भत्त्यात उतरत नाहीत. ते बाईच्या डब्यातून जातात. त्यात जुलै १९७४ मध्ये केंद्राने वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग आणि वाढीव पगार सगळाच सक्तीच्या ठेवीत टाकायचा वटहुकूम काढला. भाववाढ आवरायला लोकांच्या हातातला पैसा कमी करावा, हा त्यामागचा विचार. अर्थशास्त्रात तो बसतही असेल. स्वयंपाकघरात त्याचा अर्थ इतकाच होता की भाव वाढले आणि वाढलेला पगार घरी आलाच नाही.

मिळकतीच्या बाजूने लढायला पुरुषांकडे युनियन होती. खर्चाच्या बाजूने लढायला कोणीच नव्हतं. समिती उभी राहिली ती या मोकळ्या जागेत. तिची मागणी भत्त्याची नव्हती, भावाची आणि पुरवठ्याची होती. रेशनचा पुरेसा कोटा द्या, तो वेळेवर द्या, रॉकेल द्या, साठेबाजांची गोदामं उघडा.

राग आधी लाजेच्या रूपात होता

घरखर्च ही बाईची जबाबदारी. महिन्याच्या एक तारखेला तिच्या हातावर ठरावीक रक्कम पडायची आणि वीस तारखेला ती संपली की प्रश्न यायचा, ‘गेले कुठे पैसे?’ या प्रश्नाला उत्तर नसतं. भाव वाढलेत हे नवऱ्यालाही माहीत असतं, पण किती, कशाचे आणि कधी, ते नसतं, कारण पिशवी घेऊन तो जात नाही. मग बाई स्वतःशीच हिशेब मांडते. चहात साखर जास्त पडली का, पाहुणे दोनदा आले म्हणून तर नाही, शेजारणीला वाटीभर तेल दिलं ते परत आलं नाही का. शेजारणीच्या घरी तोच प्रश्न आणि तोच हिशेब चाललेला असतो, पण ही गोष्ट दोघी एकमेकींना सांगत नाहीत. घर भागवता येत नाही हे सांगायची लाज वाटते.

मुंबईच्या चाळीत बायकांना भेटायच्या जागा होत्याच. सामाईक नळ होता, गॅलरी होती, भिशी होती, संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, वस्तीतलं महिला मंडळ होतं. त्यांना आधारगट वगैरे कोणी म्हणत नव्हतं आणि बहुतेकींचं काम भजनाच्या, शिवणाच्या पलीकडे जातही नव्हतं. पण नवं काही उभारायला लागलं नाही, ते या मंडळांमुळे. समितीच्या कार्यकर्त्या चाळीचाळीतून दुपारच्या बैठका घ्यायच्या. अशा बैठकीत पहिल्यांदा भावांची उजळणी होते. तुझ्याकडे साखर काय भावाने दिली, तुला रॉकेल किती मिळालं, त्या दुकानात माल संपला असं सांगितलं तेव्हा मागच्या दाराने कोण घेऊन गेलं. दहा जणींचे आकडे एकत्र आले की प्रत्येकीला कळतं, चूक आपल्या हिशेबात नाही. राजकीय भाषण त्यानंतर झालं तर झालं, नाही तरी चालतं.

माझ्या मते या प्रकरणाचा कणा इथे आहे. बायकांना चिडायला कोणी शिकवलं नाही. त्या स्वतःवर चिडलेल्या होत्या, बैठकीने त्या रागाचं तोंड फिरवलं.

समितीतल्या बायका

समितीचं नाव ‘संयुक्त’ होतं आणि ते शोभेचं नव्हतं. मृणाल गोरे, प्रमिला दंडवते, कमल देसाई समाजवादी. अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. त्यांच्याबरोबर कुठल्याच पक्षाच्या नसलेल्या गृहिणी, आणि संख्येने त्याच सर्वांत जास्त. कम्युनिस्ट पक्ष १९६४ मध्ये फुटला होता आणि दोन्ही बाजूंचे पुरुष एकमेकांचं नाव ऐकून घेत नव्हते. भारतीय कम्युनिस्ट पक्ष तर दिल्लीत इंदिरा गांधींच्या बाजूला झुकलेला. अशा पक्षांतल्या बायका एका व्यासपीठावर येऊन काँग्रेस सरकारच्या दारात लाटणी वाजवत होत्या.

हे जमलं त्याचं एक कारण जुन्या ओळखी. गोरे आणि रांगणेकर दोघीही १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या होत्या. रांगणेकरांनी १९४३ मध्ये परळ महिला संघ काढला होता, गिरणगावातल्या बायका त्यांना घरच्यासारख्या ओळखत. गोऱ्यांनी गोरेगावात पाण्यासाठी इतके हंडा मोर्चे काढले की त्यांचं नावच ‘पाणीवाली बाई’ पडलं, आणि १९७२ मध्ये त्या विधानसभेत गेल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात वेगवेगळ्या झेंड्यांखालच्या माणसांनी एकत्र काम करायची सवयही मुंबईला लागलेली होती.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. समितीने स्वतःला भावापुरतं बांधून घेतलं. सोव्हिएत युनियन, चीन, काँग्रेसशी सहकार्य करावं की नाही, हे सगळे वाद दाराबाहेर. रॉकेलच्या कोट्यावर मतभेद व्हायचं कारणच नव्हतं. यावर कोणी म्हणेल की मग ही आघाडी उथळ होती. असेल. पण खोल विचार असणाऱ्या आघाड्या त्या काळात एका बैठकीत मोडत होत्या, ही चालली.

लाटणं का, थाळी का

लाटणं हातात घ्यायची कल्पना नेमकी कोणाची, यापेक्षा ती चालली का, हे बघण्यासारखं आहे.

लाटणं प्रत्येक घरात असतं. ते विकत आणावं लागत नाही, पिशवीत मावतं, बसमध्ये घेऊन जाता येतं. पोलिसांनी ते हत्यार म्हणून जप्त केलं तर हसं पोलिसांचंच होणार. बायकोच्या हातातलं लाटणं हा तोवर व्यंगचित्रांचा आणि विनोदी अंकांचा विषय, नवऱ्याच्या डोक्यात घालायची वस्तू. तेच लाटणं हजारोंच्या संख्येने सचिवालयाच्या दिशेने निघालं (मंत्रालय हे नाव त्या इमारतीला पुढे मिळालं) तेव्हा विनोद संपला असं नाही, तो सरकारवर उलटला. वर्तमानपत्रांना फोटो मिळाला. आणि लाटणं रिकामं आहे, लाटायला घरात काही नाही, हे फलकावर न लिहिताही वाचता येत होतं.

थाळीचं गणित आणखी बारीक आहे. ठरलेल्या वेळी घराघरातून बायकांनी थाळ्या बडवायच्या, असा कार्यक्रम समितीने दिला. मोर्चाला जाणं सगळ्यांना जमत नव्हतं. तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेला सासरा, ‘आमच्या घरच्या बायका रस्त्यावर जात नाहीत’ म्हणणारी सासू, यातलं एक तरी प्रत्येक घरी होतं. थाळीसाठी उंबरा ओलांडावा लागत नाही. गॅलरीत उभं राहायचं, पोळ्यांच्या लाटण्याने ताट वाजवायचं. चाळीची रचनाच अशी की चौकातला आवाज चारही बाजूंनी घुमतो. पहिली दोन मिनिटं लाजत वाजवणारी बाई समोरच्या मजल्यावरची दुसरी दिसली की जोरात वाजवते. आणि सासूला हरकत घेता येत नाही, कारण महागाईने तीही वैतागलेली असते, कदाचित तिच्याच हातात मोठं ताट असतं. मोर्चात किती बायका आल्या ते पोलीस मोजू शकतात. थाळ्या कोण मोजणार?

(२२ मार्च २०२० च्या संध्याकाळी पाच वाजता देशभर थाळ्या वाजल्या, त्या सरकारच्या सांगण्यावरून. मुंबईतल्या ज्या आजींनी सत्तरच्या दशकात थाळी वाजवली असेल त्यांना त्या संध्याकाळी काय वाटलं असेल, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही.)

वेळ निवडण्यातही अशीच समज होती. चाळीतल्या बाईचा मोकळा वेळ म्हणजे डबे गेल्यानंतरची आणि पोरं शाळेतून यायच्या आधीची दुपार. संध्याकाळच्या सभा पुरुषांच्या सोयीच्या. ज्या संघटनेला बायका हव्यात तिला दुपारी काम करता यायला हवं, आणि समितीच्या कार्यकर्त्या पूर्णवेळ राजकारणात असल्याने त्यांना ते जमलं. ही गोष्ट छोटी वाटते, पण बायकांच्या कित्येक चांगल्या उपक्रमांना माणसं मिळत नाहीत ती याच कारणाने.

कोणाला धरायचं

महागाईला चेहरा नसतो. भाव कोण वाढवतं? पाऊस, सट्टा, तेल देणारे देश, छापलेल्या नोटा. यातल्या एकालाही घेराव घालता येत नाही. समितीने प्रत्येक वेळी असा माणूस शोधला, जो आज काहीतरी करू शकतो. रेशनिंग अधिकारी कोट्याचं उत्तर देऊ शकतो. घाऊक व्यापारी गोदामाची किल्ली काढू शकतो. मंत्री आदेश देऊ शकतो. त्यांना घेराव, त्यांच्या दारात ठिय्या, आणि हातात पाच-सहा ओळींची मागणी. १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा सरकारला साठ्यांवर मर्यादा घालायचा, भाव ठरवायचा अधिकार देतच होता. म्हणजे ‘आमच्या हातात नाही’ असं म्हणायची सोय सरकारला नव्हती. मागणी कायद्यात बसणारी आणि दांडगाई मात्र रस्त्यावरची, ही जोडी सरकारला सगळ्यांत जड गेली.

गल्लीतल्या वाण्याचं काय? इथे अवघड जागचं दुखणं होतं. तो माल दडवतो, चढ्या भावाने विकतो, हे उघड दिसत होतं. पण अर्ध्या चाळीचं खातं त्याच्याकडे. महिनाअखेरीला उधार देणारा तोच, घरी मयत झालं तर पैसे न मागता सामान पाठवणारा तोच. त्याला घेराव घालायचा आणि दुसऱ्या दिवशी पाव किलो डाळ मांडून ठेवायला सांगायची, हे जमणारं नाही. लहान दुकानदाराला ठरलेल्या भावाने माल विकायला भाग पाडायचे प्रकार झाले, तरी आंदोलनाचा रोख वरच राहिला, घाऊक बाजार आणि सरकार यांच्यावर. तत्त्व म्हणून असं ठरवलं होतं की रोजच्या गरजेने तसं झालं, सांगता येत नाही. परिणाम चांगला झाला एवढं खरं. शेजारातले संबंध टिकले, आणि राग शेजाऱ्यावर खर्च झाला नाही.

लहान लहान विजय मिळत गेले. एखाद्या वस्तीत अडलेलं रॉकेल आलं, कुठे थकलेला साखरेचा कोटा सुटला. भाव काही उतरले नाहीत, १९७४ मध्ये तर ते भडकलेच. मोजपट्टी ‘भाव कमी झाले का’ हीच धरली तर समिती नापास ठरते. पण घेरावानंतर संध्याकाळी डब्यात रॉकेल आलेलं पाहिलेली बाई पुढच्या वेळी शेजारणीला घेऊन येते. थकवणाऱ्या आंदोलनाला इतकं इंधन लागतं, आणि ते मिळत राहील याची काळजी समितीने घेतली.

ज्या बायका रांगेतच नव्हत्या

रेशनचा कोटा मागायला आधी रेशनकार्ड लागतं, आणि कार्डाला पत्ता. फुटपाथवर किंवा नव्याने वसलेल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या कितीतरी बायकांकडे दोन्ही नव्हतं. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडून आलेली कुटुंबं त्यातच. त्या खुल्या बाजारातून छटाक-छटाक विकत घेत, म्हणजे सगळ्यांत महाग. समितीचं बळ चाळीत आणि निम्न मध्यमवर्गीय वस्त्यांत होतं. मागण्यांचं केंद्र रेशन असल्यामुळे कार्ड नसलेली बाई आपोआप कडेला पडली. हे कोणी हेतुपूर्वक केलं नाही. मंडळांच्या जाळ्यावर उभी राहिलेली चळवळ मंडळं जिथे आहेत तिथपर्यंतच जाते.

त्याच १९७२ मध्ये, त्याच शहरात, दलित पँथर उभी राहिली होती. तिचा राग निराळा, भाषा निराळी. दोन्ही प्रवाह मुंबईच्या पोटातले, पण त्यांची गाठ फारशी पडली नाही. जानेवारी १९७४ मध्ये मध्य मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीत काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्ट पक्षाच्या रोझा देशपांडे निवडून आल्या, तेव्हा पँथरने मतदानावर घातलेला बहिष्कार, वरळीची दंगल आणि महागाई असं सगळं एकाच वेळी पेटलेलं होतं. त्यातला वाटा कोणाचा किती, हे वेगळं काढून दाखवणं अवघड.

गुजरात, संप, आणि आणीबाणी

महागाईविरुद्धचा भडका मुंबईपुरता राहिला नाही. अहमदाबादेत वसतिगृहाच्या मेसच्या वाढलेल्या बिलावरून विद्यार्थी चिडले आणि १९७४ च्या सुरुवातीला नवनिर्माण आंदोलन पेटलं. तिथेही बायकांनी थाळ्या वाजवल्या. ९ फेब्रुवारीला मुख्यमंत्री चिमणभाई पटेलांना राजीनामा द्यावा लागला. मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला. महागाई आता सत्ता बदलायचं कारण बनली होती आणि दिल्ली त्या नजरेने बघू लागली होती.

लाटण्याला हसून सोडून देणं सरकारला परवडत होतं ते तोवरच.

२५ जून १९७५ ला आणीबाणी आली. समितीतल्या विरोधी पक्षांच्या नेत्यांना उचललं गेलं. अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते तुरुंगात गेल्या. मृणाल गोरे काही महिने भूमिगत राहिल्या, मग त्याही पकडल्या गेल्या. भारतीय कम्युनिस्ट पक्षाने आणीबाणीला पाठिंबा दिला. इतकी वर्षं दाराबाहेर ठेवलेला पक्षांचा वाद एका रात्रीत घरात आला, आणि ‘संयुक्त’ या शब्दाला अर्थ उरला नाही. मोर्चे, घेराव, सभा सगळ्यांवर बंदी.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट झाली, जी समितीच्या आठवणींत सहसा येत नाही. पाऊस चांगला झाला, सक्तीच्या ठेवीने बाजारातला पैसा आटला होता, साठेबाजांवर धाडी पडल्या, आणि १९७५-७६ मध्ये घाऊक किमती वाढायच्या थांबल्या, उलट किंचित उतरल्या. आणीबाणीचे समर्थक हे अजून सांगतात आणि आकडा खोटा नाही. नेत्या तुरुंगात असताना त्यांचा मुद्दाही दुकानातून नाहीसा होत होता. एकाच मुद्द्यावर उभ्या राहिलेल्या संघटनेला याहून वाईट वेळ कोणती?

चाळीतल्या गटांनी स्वतःच्या हिमतीवर पुढे का चालवलं नाही? मला दिसतं ते असं. बैठका चाळीत होत होत्या, पण निर्णय वर होत होते. मोर्चा कधी, घेराव कोणाला, मागणी काय, हे पाच-सहा अनुभवी बायका ठरवत आणि त्या ठरवण्यात तरबेज होत्या. इतक्या तरबेज, की खालच्या फळीवर ती वेळ कधी आलीच नाही. सदस्यत्व, वर्गणी, वस्तीची निवडून दिलेली समिती, असा सांगाडा घट्ट झाला नव्हता. हाक दिली की हजारो येत होत्या. हाक देणाऱ्या गजाआड गेल्या, आणि हजारो जणी पुन्हा आपापल्या गॅलरीत.

स्त्रीवाद्यांचा आक्षेप

ऑक्टोबर १९७५ मध्ये, आणीबाणी चालू असतानाच, पुण्यात स्त्रीमुक्तीची मोठी परिषद झाली. पुढे १९८० मध्ये मथुरा या आदिवासी मुलीवरच्या बलात्काराच्या खटल्यात आरोपी पोलीस सुटल्यानंतर मुंबईत बलात्काराविरुद्ध मंच उभा राहिला आणि बायकांच्या चळवळीची भाषाच बदलली. या नव्या पिढीने लाटणं मोर्चाकडे वळून बघितलं तेव्हा तिला खटकलं ते उघड होतं. बाईने लाटणं घेऊन रस्त्यावर यायचं, म्हणजे स्वयंपाकघर हीच तिची जागा हे रस्त्यावरही मान्य करायचं. समितीने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल, हुंड्याबद्दल, घरखर्चाचा हिशेब एकटीनेच का द्यायचा याबद्दल काही विचारलं नाही.

आक्षेप बरोबर आहे. पण तो जितका सफाईने मांडला जातो तितकी वस्तुस्थिती सफाईदार नव्हती. ‘मी महागाईविरुद्ध जाते’ म्हणून घराबाहेर पडता येत होतं. ‘मी माझ्या हक्कासाठी जाते’ म्हटलं असतं तर दार बंद झालं असतं. गृहिणीपणाचा परवाना घेऊन बाई पोलिसांसमोर बसली, मंत्र्याला तोंडावर प्रश्न विचारून आली, शेजारणींबरोबर लॉकअपमध्ये गेली. अशी बाई घरी परतल्यावर ‘गेले कुठे पैसे’ या प्रश्नाला आधीसारखी खाली मान घालून उत्तर देते का, हे स्त्रीवादी टीकेत सहसा विचारलं जात नाही. याउलट, समितीने तो प्रश्न मुद्दाम हाती घेतला असता तर संख्या घटली असती, यातही मला शंका नाही. निवड होती, आणि समितीने संख्या निवडली.

त्यानंतर

मार्च १९७७ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईच्या सहाही जागा काँग्रेसने गमावल्या. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे आणि उत्तर मध्य मुंबईतून अहिल्या रांगणेकर निवडून आल्या. म्हणजे सहापैकी दोन खासदार लाटणं समितीच्या. १९८० मध्ये प्रमिला दंडवतेही लोकसभेत गेल्या आणि तिथे त्यांनी हुंडाबंदीचा कायदा कडक करण्यासाठी आवाज उठवला. समितीत न विचारलेला प्रश्न अशा आडवाटेने संसदेत पोचला.

शेजारच्याच एका उदाहरणाशी तुलना केल्याशिवाय हे प्रकरण पुरं होत नाही. १९७५ मध्येच गिरणगावात प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. त्या स्वतः कम्युनिस्ट चळवळीतल्या, गोवा मुक्तिलढ्यात गोळी खाल्लेल्या. गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवण घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका महागाईत दोन्हीकडून चेपल्या जात होत्या. धान्य महाग, आणि कामगार पैसे देणार पगार झाल्यावर. मधल्या काळात सावकार. पुरवांनी त्यांचे गट केले, गटातल्या बायका एकमेकींच्या कर्जाला हमी राहिल्या आणि राष्ट्रीयीकृत बँकेकडून कर्ज मिळवलं. यात घोषणा कमी, वही जास्त. कोणी किती घेतलं, किती फेडलं, पुढची पाळी कोणाची. आणीबाणीत सरकारला त्यात भिण्यासारखं काही दिसलं नाही, आणि पुरव एखाद्या दिवशी नसल्या तरी गटाला हप्ता कधी भरायचा ते ठाऊक होतं.

लाटणं समितीसारखं हजारोंना एका दुपारी रस्त्यावर आणणं अन्नपूर्णाला कधी जमलं नसतं आणि तिचा तो हेतूही नव्हता. पण जानेवारी १९८२ मध्ये सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, खाणावळींची गिऱ्हाइकं महिनोन्‌महिने पगाराविना राहिली आणि थकबाकीचे आकडे फुगले, तेव्हा त्या बायकांकडे जायला एक जागा होती, आणि त्या जागेच्या किल्ल्या त्यांच्यातल्याच कोणाकडे तरी होत्या.